चुन्याची निवळी आणि अर्चिनचं पिल्लू

चुन्याच्या निवळीचा प्रयोग आपण सगळ्यांनी शाळेत केलाय, निदान वहीत तरी लिहिलाय. गेल्या रविवारी माझी भाची तीच वही घेऊन बसली होती. म्हटलं, नुसतं काय लिहितेस, करूनच बघू. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना आणला, चमचाभर चुना बाटलीभर पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेतलं. ती निवळी. तिच्यात थोडं साधं पाणी मिसळून पेला अर्धा भरला. भाची स्ट्रॉनं फुंकायला लागली आणि थोड्याच वेळात पाणी दुधाळ झालं. तिनं लगेच पेन उचललं, कारण वहीत इथपर्यंतच लिहायचं असतं.

"थांब," म्हटलं, "फुंकत राहा."

(तुम्ही घरी केलंत तर दोन गोष्टी सांभाळा. निवळी डोळ्यात उडू देऊ नका आणि स्ट्रॉमधून चुकूनही वर ओढू नका.)

तिचे गाल दुखायला लागले तेव्हा मी पेला हातात घेतला. मी दमले तेव्हा पुन्हा ती. बऱ्याच वेळानं पाण्यातला दुधाळपणा विरायला लागला आणि पेल्यामागची खिडकीची जाळी पुन्हा दिसू लागली. पांढरं जे तयार झालं होतं, ते विरघळून गेलं होतं. भाचीनं विचारलं, "मावशी, गेलं कुठे गं ते?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. जगभरच्या समुद्रात आज जे चाललंय, त्याचं उत्तर त्या पेल्यात आहे.

आपण सोडलेल्या श्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो निवळीत मिसळला की कॅल्शिअम कार्बोनेट तयार होतं. शिंपले, शंख, प्रवाळ आणि खडू ज्याचे असतात तोच हा पांढरा पदार्थ. पण त्यावरही कार्बन डायऑक्साइड येतच राहिला तर तो पाण्याशी मिळून कार्बोनेटलाच गिळतो आणि त्याचं बायकार्बोनेट करून टाकतो. बायकार्बोनेट पाण्यात विरघळलेलंच राहतं, दिसत नाही. म्हणजे कवच ज्याच्यापासून बनतं तो कच्चा मालच हा वायू खाऊन टाकतो.

कोकण किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजूनच चुना काढायचे. आपल्या मुंबईतल्या चुनाभट्टीचं नावही चुन्याच्या भट्ट्यांवरूनच पडलंय. शिंपल्याचा चुना, चुन्याची निवळी, निवळीत फुंकर घातली की पुन्हा शिंपल्याचा पदार्थ आणि फुंकर थांबलीच नाही तर तोही नाहीसा. समुद्राच्या बाबतीत ही फुंकर गेली दोनेकशे वर्षं थांबलेली नाही.

कोळसा आणि तेल जाळून आपण जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत दर दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते, आता ४२० च्या वर गेलेत. समुद्रानं आपला वाटा उचलला नसता तर हा आकडा आणखी वर असता. पण त्याची किंमत पाण्यानं मोजली. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.२ च्या आसपास होता तो ८.१ वर आला.

एक दशांशाचा फरक कुणालाही किरकोळ वाटेल. पण सामूची पट्टी आपल्या साध्या फूटपट्टीसारखी नसते. तिच्यावर एक घर खाली उतरलं की आम्लता दहापट होते. त्यामुळे ०.१ ची घट म्हणजे आम्लतेत २६ टक्क्यांच्या आसपास वाढ. इंधन असंच जळत राहिलं तर या शतकाच्या अखेरीपर्यंत आणखी ०.३ ते ०.४ नं सामू उतरेल असा अंदाज आहे. तसं झालं तर आम्लता आजच्या दुपटीच्याही पुढे जाईल. 'आम्लीकरण' या शब्दामुळे समुद्राचं लिंबूपाणी होणार असं वाटतं, तसं मात्र नाही. समुद्र सातच्या वरच राहील, म्हणजे अल्कधर्मीच. वाळूवर पडलेला शिंपला उद्या विरघळून जाणार नाही. मार बसतोय तो ज्याचं कवच अजून तयारच व्हायचंय त्याला.

अशा जिवांत शास्त्रज्ञांनी सगळ्यात बारकाईनं अभ्यासलेला जीव म्हणजे सी अर्चिन. लिंबाएवढा किंवा मोसंबीएवढा गोल आणि चहूबाजूंनी काटे. अर्चिन हा साळूसारख्या एका काटेरी प्राण्याचा जुना इंग्रजी शब्द, तोच या समुद्री प्राण्याला चिकटला. जुहूच्या वाळूत सापडणारा तारामासा हा त्याचा भाऊबंद. कोकणच्या किनाऱ्यावर पाच पाकळ्यांची नक्षी असलेली पांढरी चपटी चकती मिळते, ती तर अर्चिनच्याच कुळातल्या एकाचा सांगाडा. अर्चिनच्या तोंडात पाच दातांचा एक जबडा असतो, त्यानं तो खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. वरवर सुस्त दिसणाऱ्या या प्राण्याकडे समुद्राच्या बागेची राखण असते. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे काळे अर्चिन रोगानं ९० टक्क्यांहून जास्त मेले, तेव्हा प्रवाळांवर शेवाळाचं रान माजलं आणि कित्येक ठिकाणी ते आजतागायत हटलेलं नाही.

आणि माणसावर तर त्याचे उपकारच आहेत. शुक्राणू अंड्यात शिरतो आणि दोघांची केंद्रकं एकजीव होतात, हे ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ मध्ये अर्चिनच्याच अंड्यात पाहिलं. पेशी कधी दुभंगायचं हे ठरवणारी सायक्लिन नावाची प्रथिनं टिम हंट यांना १९८२ मध्ये अर्चिनच्या अंड्यांत सापडली. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्या शोधाचा वाटा होता. कर्करोगावरच्या संशोधनाचा एक पाया या काटेरी चेंडूवर उभा आहे.

आता त्याच्या पिल्लाकडे येऊ.

अर्चिनच्या मादीची आणि नराची गाठ पडावी लागतच नाही. मादी लाखो अंडी पाण्यात सोडते, नर शुक्राणू सोडतो आणि पुढचं सगळं पाण्यावर सोपवलेलं. अंडं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. नराच्या अंगात असेपर्यंत शुक्राणू निपचित असतात, कारण आतलं वातावरण थोडं आम्ल असतं. बाहेरच्या अल्कधर्मी पाण्याचा स्पर्श झाला की शुक्राणूच्या आतला सामू वर चढतो, शेपटीतली यंत्रणा सुरू होते आणि तो पोहायला लागतो. म्हणजे समुद्राचा सामू ही त्याची गाडी सुरू करायची किल्ली आहे. सामू उतरला की बऱ्याच जातींत शुक्राणू मंदावतात, काहींत फारसा फरक पडत नाही. हे जातीजातीवर अवलंबून आहे.

अंड्यात एक शुक्राणू शिरला की मिनिटभरात अंड्याभोवती एक पडदा फुगून उभा राहतो आणि बाकीच्यांना दार बंद होतं. मग अंडं दुभंगत जातं, एकाचे दोन, दोनाचे चार. दोन-तीन दिवसांत त्यातून जे पोहायला लागतं ते अर्चिनसारखं मुळीच दिसत नाही. शास्त्रात त्याला डिंभ म्हणतात, मी आपलं पिल्लूच म्हणते. काचेसारखं आरपार, खाली निमुळतं आणि वर हात पसरलेले. चित्रकाराची तिकाटणी उलटी धरली तर जशी दिसेल, साधारण तसं. त्या हातांच्या कडेनं बारीक केसांची झालर असते. ती हलवून पिल्लू पोहतं आणि पाण्यातले सूक्ष्म वनस्पतीचे कण तोंडाशी ओढतं. हात जितके लांब, तितकं पोटात जास्त.

या हातांच्या आत काड्या असतात, छत्रीला असतात तशा. त्या कॅल्शिअम कार्बोनेटच्या. पेल्यात विरघळलं, तेच. काही ठरावीक पेशी एकमेकींना बिलगून एक बंद कप्पा करतात आणि त्या कप्प्यात कणाकणानं ही काडी वाढवतात. कार्बोनेट बनताना आम्ल सुटतं आणि ते त्या पेशींना सतत बाहेर फेकावं लागतं. बाहेरचं पाणीच आम्लतेकडे झुकलेलं असेल तर हा उपसा जड जातो. होडीत पाणी शिरतंय आणि बाहेरच्या लाटाही चढत्या आहेत, अशा वेळी डबा घेऊन पाणी उपसणाऱ्याची जी गत, ती या पेशींची. मोठ्या अर्चिनच्या बऱ्याच जातींना आपल्या अंगातल्या द्रवाचा सामू काही प्रमाणात सांभाळता येतो. पिल्लाला तेही जमत नाही. त्याच्या अंगातली पोकळी बाहेरच्या पाण्यासारखीच होते. लढतात त्या फक्त पेशी.

त्यामुळे आम्ल पाण्यात, म्हणजे सामू उतरलेल्या पाण्यात, वाढलेली पिल्लं बहुतेक प्रयोगांत लहान राहतात, त्यांचे हात आखूड होतात. हात आखूड म्हणजे घास कमी. त्यात पोटाचंही दुखणं. अर्चिनच्या पिल्लाचं पोट आपल्या उलट चालतं. आपल्या पोटात आम्ल असतं, त्याच्या पोटात सामू ९.५ च्या आसपास ठेवावा लागतो, तरच त्याचे पाचकरस काम करतात. पाणी आम्ल झालं की तो सामू घसरतो आणि पचन अर्धंमुर्धं होतं. ती भर काढायला पिल्लू जास्त खातं.

पण मला सगळ्यात हलवून सोडणारा निष्कर्ष २०१५ चा आहे, कॅलिफोर्नियातल्या जांभळ्या अर्चिनच्या पिल्लांवरचा. आम्ल पाण्यात ठेवलेली ती पिल्लं आकारानं ठीक होती, वाढही ठीक होती, एकूण शक्तीचा खर्चही तेवढाच. वरून पाहणाऱ्याला सगळं आलबेल वाटलं असतं. आत डोकावल्यावर कळलं की पिल्लाजवळच्या एकूण शक्तीपैकी ८४ टक्के दोनच कामांवर जात होती, प्रथिनं बनवणं आणि क्षारांचे कण पेशींच्या आत-बाहेर करणं. साध्या पाण्यात या दोन कामांना बरीच कमी शक्ती लागते. पगार तोच, पण भाडं आणि विजेचं बिल भरूनच बहुतेक संपून जातो, असं घर मुंबईत कुणाला समजावून सांगायला नको. बाहेरून ते घर नीटनेटकं दिसतं. एखादं आजारपण आलं की मगच कळतं, हातात काही उरलेलंच नाही.

पिल्लाच्या आयुष्यात ते आजारपण कोणत्याही रूपात येऊ शकतं. पाणी तापलं, अन्न आटलं, पाण्यात विष आलं. आम्लीकरण बऱ्याचदा पिल्लाला थेट मारत नाही, त्याची शिल्लक संपवून ठेवतं. मारणारं दुसरंच काहीतरी असतं.

आणि ही शिल्लक आईपासून सुरू होते. अंडं म्हणजे आईनं बांधून दिलेली शिदोरी. स्वतःचा घास मिळवता येईपर्यंत पिल्लाला तेवढ्यावरच काढायचं असतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तरेकडच्या थंड समुद्रातले हिरवे अर्चिन चार महिने आम्ल पाण्यात ठेवले, तेव्हा माद्यांची अंडी साडेचार पटींनी कमी झाली. त्या आईबापांची पिल्लंही वाढवून पाहिली. साध्या पाण्यातल्या आईबापांच्या पिल्लांच्या तुलनेत त्यांतली पाच ते नऊ पट कमी पिल्लं छोटा अर्चिन होण्यापर्यंत पोचली. सोळा महिने ठेवलेल्या माद्यांची अंडी मात्र पुन्हा पूर्ववत झाली होती. शरीराला सवय होते, पण सवय व्हायला चार महिने पुरत नाहीत, त्याहून बराच काळ लागतो. ही आशेची बातमी मी लपवणार नाही. पण तो काळ प्रयोगशाळेच्या टाकीत एकसारखा मिळतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते, पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी येऊन मिसळतं आणि त्याबरोबर आपल्या शहराचं सगळं येतं.

इथे मुंबईचा प्रश्न सुरू होतो. आम्लीकरण म्हटलं की ते जगाचं संकट, धुराड्यांचं, मोठ्या देशांचं, असं वाटतं. सांडपाणी हा वेगळा विषय, पालिकेचा. माझं म्हणणं असं की किनाऱ्याजवळच्या पाण्यात हे दोन विषय एकच होऊन जातात.

सांडपाण्यात जे सडण्याजोगं असतं ते जिवाणू खातात. खाताना प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. शिवाय सांडपाण्यातल्या खतासारख्या द्रव्यांवर शेवाळ माजतं, ते मरून तळाशी बसतं, तेही जिवाणू खातात आणि पुन्हा तेच. माझी भाची स्ट्रॉनं जे करत होती ते हे जिवाणू तळाशी बसून रात्रंदिवस करतात. वरून हवेची फुंकर, खालून सांडपाण्याची. पाण्याला दोन्हींतला फरक कळत नाही, पिल्लालाही नाही. मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्या आज काय वाहून आणतात ते त्यांच्या पुलावरून जाताना नाकाला कळतंच.

अरबी समुद्राची मूळ ठेवणही यात भर घालते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर खोलवरचं पाणी वर सरकतं. ते पाणी प्राणवायूला गरीब आणि म्हणूनच कार्बन डायऑक्साइडनं भरलेलं असतं. १९९९ च्या पावसाळ्याअखेरीस किनाऱ्यालगतच्या पाण्यात प्राणवायू इतका संपला होता की सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तिथे आढळला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते २००० साली जगापुढे मांडलं. निसर्गाचंच पाणी इतकं काठावर असताना आपण त्यात आणखी सडका माल ओततो.

मग विषं. त्यात मला तांब्याबद्दल सांगायचंय, कारण आपल्याकडे तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवायची जुनी रीत आहे आणि पाणी प्यायच्या भांड्याचं नावच तांब्या. त्यामुळे तांबं घातक म्हटलं की पटत नाही. पण अर्चिनच्या बऱ्याच जातींची पिल्लं लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमच्या विसाव्या भागाएवढ्या तांब्यानंही वेडीवाकडी वाढतात, हात नीट फुटत नाहीत. होडीच्या किंवा जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यात आता मुख्यतः तांबंच असतं. त्याआधी ट्रायब्युटिल टिन नावाचं त्याहून जहाल विष वापरायचे, त्यावरची जागतिक बंदी २००८ मध्ये लागू झाली. रंगाचं कामच मुळी कोवळ्या पिल्लांना बसू न देणं हे आहे. ते काम तो रंग होडीपासून सुटून पाण्यात गेल्यावरही करत राहतो.

साध्या समुद्रात बरंचसं तांबं कार्बोनेटला किंवा सेंद्रिय द्रव्यांना बिलगलेलं असतं, तसं असताना ते फारसं बाधत नाही. पाणी आम्ल झालं की कार्बोनेट कमी होतं आणि तांबं मोकळं सुटतं. मोकळं तांबं हेच खरं विष. नाल्यातून तेवढंच तांबं आलं तरी आम्ल पाण्यात ते जास्त मारतं. वर पिल्लाची ८४ टक्के शक्ती आधीच गुंतलेली. विष निस्तरायलाही शक्तीच लागते, ती आणायची कुठून?

प्लास्टिकचंही असंच. कारखान्यात वितळवायला मसूरडाळीएवढे दाणे येतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दाणे पाण्यात ठेवले आणि त्या पाण्यात अर्चिनची अंडी वाढवली, तर कितीतरी पिल्लं बिघडलेली निघाली. किनाऱ्यावर पडून राहिलेल्या जुन्या दाण्यांपेक्षा कोरे करकरीत दाणे जास्त विषारी ठरले, कारण त्यांच्यातली रसायनं अजून धुऊन गेलेली नसतात. २५ मे २०२५ रोजी केरळच्या समुद्रात एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडालं, तेव्हा असेच दाणे पोत्यापोत्यांनी किनाऱ्याला लागले. कोरे, नवे.

या सगळ्यातून जे पिल्लू वाचतं, त्याची पुढची गोष्ट पाहून मी थक्क होते. काही आठवडे तरंगत असताना त्याच्या डाव्या कुशीत एक छोटा अर्चिन तयार होत असतो, पाच बाजूंचा, आपल्या पायांसकट. तयारी झाली की पिल्लू खाली येतं आणि खडकावरच्या जिवाणूंच्या आणि शेवाळाच्या थराचा गंध शोधतं. जागा पसंत पडली की तासाभरात कुशीतला अर्चिन बाहेर उलटतो, ते लांब हात, ती झालर, सगळं मागे सुटतं किंवा शोषलं जातं. खडकावर उरतो मोहरीच्या दाण्याहूनही लहान काटेरी ठिपका. जन्म एका किनाऱ्याला, घर दुसऱ्याच. त्यामुळे एकाच ठिकाणचं पाणी स्वच्छ राहून भागत नाही.

अर्चिन आपल्या ताटात येत नाही, मग त्याचं एवढं काय, असं कुणी विचारेल. कालवं, तिसऱ्या, शिंपल्या यांची पिल्लंही कॅल्शिअम कार्बोनेटचंच कवच बांधतात, आणि त्यांचीही पहिली धडपड याच वयातली. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर कालवांची पिल्लं वाढवणाऱ्या एका केंद्रात २००७ पासून पिल्लं ढिगानं मरायला लागली. आधी रोगाचा संशय घेतला. मग लक्षात आलं, खोलवरचं आम्ल पाणी वर आलं की पिल्लं मरतात. त्यांनी टाकीत येणाऱ्या पाण्यात धुण्याचा सोडा मिसळायला सुरुवात केली आणि केंद्र वाचलं. टाकीत हे जमतं. वरळीच्या खडकांवर ओहोटीला कालवं फोडायला बसणाऱ्या कोळणीच्या समुद्रात सोडा कोण घालणार?

आपल्या हातात आहे ती खालची फुंकर. मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, वर्सोवा, धारावी, घाटकोपर आणि भांडुप इथे सांडपाणी शुद्ध करणारे सात नवे प्रकल्प बांधले जातायत, मिळून रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटरचे. अशा प्रकल्पात टाक्यांत हवा सोडतात आणि जिवाणूंना सडका माल तिथेच खाऊ घालतात. म्हणजे त्यांचं ते फुंकणं टाकीत उरकतं, समुद्राच्या तळाशी होत नाही. पालिकेच्या बातम्यांत हे आकडे येतात तेव्हा दुर्गंधी आणि डासांबद्दल बोललं जातं. पाण्याचा सामू हाही त्याच कामाचा भाग आहे, हे मी कुठे वाचलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. तांबं मात्र या टाक्यांत पुरतं अडत नाही. ते जिथून सुटतं तिथेच धरावं लागतं, कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी आणि होडी घासून रंगवायला काढतात त्या धक्क्यावर, खरवडलेला जुना रंग भरतीच्या पाण्यात जाण्याआधी.